डाय फुटली की स्टीलला शिव्या? फोर्जिंग डायचं स्टील निवडताना या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत फोर्जिंगची डाय, म्हणजे लाल तापलेल्या मालाला आकार देणारा स्टीलचा साचा, फुटली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: ‘स्टीलच खोटं दिलं’ आणि ‘मालक, पुढच्या वेळी अजून कडक करून द्या.’ पहिलं कधीमधी खरं असतं. दुसरं जवळजवळ कधीच नाही. फुटलेली डाय बाकावर घेऊन ती कशानं गेली हे बघायला पाच मिनिटं कोणी काढत नाही, आणि स्टीलची निवड तर त्या पाच मिनिटांतच होते.

डाय साधारण चार तऱ्हांनी जाते. खळगा, म्हणजे मालाला आकार देणारी पोकळी, घासून माप वाढतं. कोपरे बसतात, म्हणजे तापून मऊ पडतात आणि दबतात. तोंडावर जाळी पडते, उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला पडतात तशा भेगांची. नाहीतर ठोक्यासरशी आरपार तडा जातो. कोपरे बसले तर उष्णतेत कडकपणा टिकवणारं स्टील पाहिजे, तडा गेला तर चिवट पाहिजे. तडा गेलेल्या डायला हार्डनेस वाढवून देणं म्हणजे आगीत तेल.

हे मी स्वतः हात पोळून शिकलो. उसाच्या ट्रॉलीच्या हुकांचं काम होतं, दिवाळीआधी माल द्यायचा होता. प्रेसवर, म्हणजे दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर, छान चाललेली डाय डोळ्यांसमोर होती, म्हणून ठोकून आकार देणाऱ्या हॅमरच्या डायलाही तेच एच१३ ग्रेडचं स्टील आणि तीच ५० एचआरसी (हार्डनेसचं माप) लावली. दुसऱ्या दिवशी खळग्याच्या कोपऱ्यातून डाय उभी चिरली. स्टील चोख होतं, हीट ट्रीटमेंटही (तापवून-गार करून कडकपणा आणणं) बरोबर होती. जागा चुकली होती.

हॅमरचा ठोका क्षणाचा असतो. तापलेला माल डायला फार वेळ चिकटून राहत नाही, पण धक्का जबर बसतो. तिथे निकेलवालं २७१४ ग्रेडचं स्टील चालतं, बाजारात ज्याला डीबी६ म्हणतात. त्यात निकेल दीड टक्क्याच्या वर असतं आणि चिवटपणा त्यातूनच येतो. हॅमरला ३८ ते ४२ एचआरसी पुष्कळ झाली. मोठ्या ब्लॉकला त्याहूनही कमी ठेवलेली बरी. प्रेसवर उलटं. ११५० ते १२५० अंशांचा माल डायवर रेंगाळतो, वरचा थर तापून मऊ पडायला लागतो आणि २७१४ चे कोपरे बसतात. तिथे एच११ किंवा एच१३ घ्या, म्हणजे ५ टक्के क्रोमियम, सोबत मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. हार्डनेस ४४ ते ५०. हायड्रॉलिक प्रेस हळू चालतो, तिथे तर हा फरक आणखीच जाणवतो.

रॅकवर पडलेलं स्टील ‘वापरून टाकू’ ही दुसरी चूक. एचसीएचसीआरमध्ये (हाय कार्बन हाय क्रोमियम स्टील) १२ टक्के क्रोमियम आहे म्हणून ते भारी, असं समजणारे अजून भेटतात. ते थंड पत्रा कापायच्या पंच-डायचं स्टील. गरम-गार आणि धक्का दोन्ही एकदम आले की तडकतं. ओएचएनएस हे तेलात कडक होणारं थंड कामाचं स्टील; त्याचं टेम्परिंगच (कडक केल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं) २०० अंशांच्या आसपास होतं, मग लाल बिलेटपुढे, म्हणजे तापलेल्या मालाच्या तुकड्यापुढे, ते काय टिकणार? आणि ‘सगळ्यात तापसहन’ म्हणून टंगस्टनवालं एच२१ घेत असाल तर आधी डायवर पाणी मारता का ते सांगा. मारत असाल तर नको, एकदम गार पडलं की ते तडकतं.

हीट ट्रीटमेंटवाल्याकडे नुसतं ‘एच१३, ५२ करा’ असं चलन पाठवू नका. गावातला लोहार विळ्याला पाणी देतो तसं हे एका झटक्यात होत नाही. १०२० ते १०३० अंशांवर हार्डनिंग, मग लगेच टेम्परिंग, आणि तेही किमान दोनदा. यातली मेख अशी की ५०० अंशांच्या आसपास टेम्परिंग केलं की हार्डनेसचा आकडा सगळ्यात वर जातो आणि चिवटपणा तळाला. आकडा बघून मालक खूश, डाय आठवड्यात भंगारात. म्हणून त्या शिखराच्या पुढे, ५६० ते ६२० च्या पट्ट्यात टेम्परिंग करून हवी ती हार्डनेस गाठायची. चलनावर हार्डनेससोबत ‘डबल टेम्परिंग’ लिहा आणि भट्टीचा चार्ट मागा.

खळगा ईडीएमवर, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू काढणाऱ्या मशीनवर, काढला असेल तर वर वितळून गोठलेला एक ठिसूळ थर राहतो. तो पॉलिशनं पूर्ण काढा, मग शेवटच्या टेम्परिंगपेक्षा २५-३० अंश कमी तापमानाला एकदा पुन्हा टेम्परिंग करून घ्या. हे केलं नाही तर भेगांची जाळी तिथूनच सुरू होते.

डाय न तापवता पहिला बिलेट ठेवणं ही सगळ्यात स्वस्तात टळणारी चूक. ‘साहेब, बाहेर ४३ डिग्री आहे, डाय गरमच आहे की!’ असं मला एका ऑपरेटरनं मे महिन्यात सांगितलं होतं. सोलापूरच्या उन्हाचा मान राखूनही सांगतो, एच१३ ला २०० ते ३०० अंश लागतात, आणि तेही पूर्ण ब्लॉकला. वर लाल बिलेट ठेवून दहा मिनिटं थांबलं की नुसतं तोंड तापतं, पोट गारच. गॅस बर्नर लावा, टेम्परेचर चॉकनं (ठरावीक तापमानाला वितळणारा खडू) तपासा.

खरेदीचं थोडक्यात. ‘एचडीएस’ (हॉट डाय स्टील) म्हणून मागितलंत तर एच११ येईल किंवा एच१३. ग्रेड लिहूनच मागा. टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (स्टीलच्या ओतीचा क्रमांक) ब्लॉकवर पंच केलेला आहे का ते जुळवा, मोठ्या ब्लॉकला आतल्या दोषांसाठी अल्ट्रासॉनिक तपासणी मागा. ठिणगी पाहून ग्रेड ओळखणारे हुशार असतात, पण एच११ आणि एच१३ मधला फरक ठिणगीत पक्का कळत नाही; त्याला घटक मोजणारा स्पेक्ट्रोच लागतो. ब्लॉक कापल्यावर उरलेला तुकडा भंगारात टाकू नका, नंबर मारून ठेवा. उद्या डाय फुटली आणि पुरवठादाराशी वाद झाला तर तपासायला द्यायला तोच तुकडा लागतो.