सॅलॅमँडरच्या पायात बोटं कोणत्या क्रमानं येतात: रंगवून पाहण्याची पद्धत

बेडूक, पाल, कोंबडी, माणूस या सगळ्यांत बोटांची कूर्चा (हाडाआधी तयार होणारा मऊ सांगाडा) करंगळीच्या बाजूनं घडू लागते. साधारणपणे चौथं बोट आधी. सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचरात उलट आहे. पहिलं आणि दुसरं आधी, मग तिसरं, चौथं, पाचवं. नील शुबिन आणि पेरे आल्बर्च या जीवशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये या फरकाची नीट मांडणी केली. पूर्ण वाढलेल्या पायात तो दिसत नाही, म्हणून वाढत्या पायांची मालिकाच हवी. खालच्या पद्धतीत कूर्चा निळी आणि हाड लाल रंगतं.

दार्जिलिंगकडचा हिमालयन सॅलॅमँडर संरक्षित आहे, त्याला हात लावू नका. प्रयोगशाळेत पैदास केलेला पांढरा अ‍ॅक्सोलॉटल (पाण्यातच राहणारा मेक्सिकोतला सॅलॅमँडर) घ्या, तोही संस्थेच्या प्राणी-नीती समितीच्या मंजुरीनंतरच. पुढच्या पायाला चारच बोटं असतात. मागच्याला पाच, आणि तो उशिरा फुटतो, म्हणून मागचा निवडा. नमुने पिल्लाच्या लांबीवरून वेगळे करू नका. दोन, तीन, चार, पाच असे बोटांचे उंचवटे मोजा आणि प्रत्येक टप्प्याची चार-पाच पिल्लं ठेवा.

सगळ्यात मोठा धोका रंगात नाही, टाकीत आहे. एकत्र ठेवलेली पिल्लं एकमेकांचे पाय कुरतडतात. पाय परत उगवतो, पण त्यात घोट्याची हाडं जुळलेली किंवा बोटं कमी-जास्त असू शकतात. असा पाय मालिकेत शिरला, तर चाव्याची खूण उत्क्रांतीच्या नावावर जमा होते. पिल्लं सुरुवातीपासून एकेकटी वाढवा; डावा-उजवा पाय जुळत नसेल तर तो नमुना बाजूला काढा.

१. उदासीन केलेल्या १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये रात्रभर ठेवा. साधं फॉर्मॅलिन आम्लधर्मी होतं आणि हाडातलं कॅल्शियम ओढून घेतं. मग लाल रंग चढतच नाही.

२. पाण्यानं धुऊन ५०, ७०, ९५ टक्के इथेनॉलमधून न्या. आत पाणी राहिलं तर सगळा नमुना निळसर होतो.

३. अल्शियन ब्लू १० मिलिग्रॅम, ९५ टक्के इथेनॉल ८० मिली, ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल २० मिली. लहान पिल्लांना २४ तास पुरतात. जास्त वेळ ठेवल्यास हे आम्लही कॅल्शियम खातं.

४. उतरत्या इथेनॉलमधून पाण्यात आणा. मग संतृप्त बोरॅक्स द्रावण ३० मिली, पाणी ७० मिली, ट्रिप्सिन (मांस विरघळवणारं विकर) १ ग्रॅम. निळा सांगाडा स्पष्ट दिसला की थांबा. एप्रिल-मेच्या उकाड्यात दर दोन-तीन तासांनी पाहा, नाहीतर बोटं सुटी होऊन तळाशी पडतात आणि क्रम कायमचा हरवतो.

५. ०.५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये जांभळा रंग येईल इतकं अ‍ॅलिझरिन रेड एस, २४ तास.

६. तेच हायड्रॉक्साइड आणि ग्लिसरीन ३:१, १:१, १:३, शेवटी शुद्ध ग्लिसरीन आणि बुरशी येऊ नये म्हणून थायमॉलचा एक कण. पहिल्या दोन द्रावणांत दर १०० मिलीला ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे तीन-चार थेंब पुरे. जास्त घातलं तर बुडबुडे ऊतीत अडकतात.

आता वाचन. खालून प्रकाश देऊन पाहिलं, की पहिल्या दोन बोटांच्या बुडाशी एकच रुंद निळा तुकडा दिसतो: बेसाले कॉम्यून. इतर चतुष्पादांत (चार अवयवांच्या कणाधारी प्राण्यांत) सुटी राहणारी दोन हाडं इथे एक झालेली आहेत. सॅलॅमँडरची ही पक्की खूण आधी शोधा, बोटांचे क्रमांक तिच्यावरून लावा. घोटा निळाच आणि बोटं लाल दिसली तर रंग बिघडला असं समजू नका. अ‍ॅक्सोलॉटलचा घोटा दीर्घकाळ कूर्चेचाच राहतो.

नोंदवहीत निळ्याचा आणि लालाचा क्रम वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. जर्मनीतल्या सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या अ‍ॅपाटिऑन या उभयचराच्या जीवाश्मांतही अंगठ्याकडून सुरू होणारा क्रम आढळला आहे (२००७), पण तो हाड बनण्याचा. त्याच्याशी तुलना फक्त लाल रकान्याची होऊ शकते. हा क्रम सॅलॅमँडरनं नव्यानं मिळवला की तो त्याहून जुना, हा वाद याच मुद्द्यावर अडतो, म्हणून रकाने एकत्र करण्याची घाई नको.

प्रत्येक खेपेला त्याच बाटल्यांतून कोंबडीच्या पाच ते सात दिवसांच्या भ्रूणाचा पायही रंगवा. त्यात चौथं बोट पुढे दिसलं नाही, तर ती खेप मोजू नका.