गिटारच्या हेडस्टॉकमध्ये तुटलेला ट्यूनरचा स्क्रू

ट्यूनर म्हणजे तारा ताणणाऱ्या खुंट्या. त्या हेडस्टॉकवर, म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकावर, बसवणारे स्क्रू जेमतेम २ मिमी जाडीचे. पायलट भोक (स्क्रूसाठी आधी पाडलेलं भोक) फार बारीक असलं की मेपलसारख्या कडक लाकडात डोकं पटकन तुटतं आणि दांडा आत राहतो.

दांडा थोडा वर असेल तर त्यावर तापलेलं सोल्डरिंग आयर्न अर्धा मिनिट टेकवा, मग बारीक पकडीने उलटा फिरवा. लाकडाच्या आत तुटला असेल तर त्यावर ड्रिल चालवू नका. बिट घसरून शेजारच्या लाकडात शिरतं.

त्याऐवजी ४ मिमीची पोकळ रोल पिन (स्टीलचा पत्रा गुंडाळून केलेली नळीसारखी पिन) घ्या. तिच्या टोकाला त्रिकोणी कानशीने चार दात पाडा, उलट्या फेऱ्यात कापतील असे. पिन ड्रिलला लावून, दांडा मधोमध धरून, उलट दिशेने हळू फिरवा. मध्ये मध्ये बाहेर काढून भुसा झटका, नाहीतर लाकूड जळतं. भोकाची खोली सांभाळायला, बिटवर टेप लावतात तशी पिनवर खूण करा. पिन हेडस्टॉकच्या आरपार गेली तर पुढची बाजू खराब झालीच. बहुतेकदा दांडा पिनमध्ये अडकून स्वतःच बाहेर येतो.

भोकात मेपलची घट्ट बसणारी काडी वूड ग्लूने बसवा, रात्रभर सोडा, सपाट करा. नवं भोक १.५ मिमीचं. आधी त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू मेण लावून आत-बाहेर फिरवा, मगच मऊ सोनेरी मुलाम्याचा.