ॲडव्हान्स भरायच्या आधी वेबसाइटचा उतारा कसा काढायचा: हूइज आणि डिग

दिवाळी उलटली की गोव्यात बुकिंगचे फोन सुरू होतात आणि मागोमाग फसवणुकीच्या बातम्याही. कळंगुट नाहीतर हणजूणचा व्हिला, स्विमिंग पूल, फोटो एकदम खरे कारण ते दुसऱ्याच कुणाच्या तरी घराचे असतात, माणसं ॲडव्हान्स भरून मुलाबाळांसकट इथे येतात आणि त्या पत्त्यावर तसं काही नसतंच. पुण्या-मुंबईची आपली माणसं अशा साइटची लिंक पाठवून विचारतात, "ही बरी आहे का गं, तू तिथेच राहतेस ना?" तेव्हा प्लीज साइटचं डिझाइन बघून उत्तर देऊ नका. जमीन घेताना आपण १/१४ चा उतारा (गोव्यातला सात-बाराच म्हणा) बघितल्याशिवाय पैसे देत नाही ना, तसाच डोमेन नावाचाही, म्हणजे साइटच्या पत्त्यातल्या अमुकतमुक डॉट कॉम अशा नावाचाही, उतारा असतो, तो फुकट मिळतो आणि एका ओळीच्या कमांडने निघतो.

कमांड, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून दिलेला हुकूम, म्हटलं की लोक घाबरतात, पण यात बिघडण्यासारखं काही नाही, आपण फक्त विचारतोय, कुठे काही बदलत नाहीये. मी खाली सगळं देवनागरीत लिहितेय, टाइप करताना मात्र छोटी इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा.

आधी तयारी. आपल्याला दोन कमांड लागतील, नावाची नोंद दाखवणारी हूइज आणि नाव कुठे बोट दाखवतंय ते सांगणारी डिग. मॅकवर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा, दोन्ही तयारच असतात. उबंटू असेल तर ॲप्टने हूइज आणि डीएनएसयुटिल्स अशी दोन पॅकेजं टाका. विंडोजवर स्टार्टमध्ये सीएमडी टाइप केलं की काळी खिडकी उघडते, तिथे एनएसलुकअप आधीपासून असतं आणि डिगचं बरंचसं काम त्याने होतं, हूइज मात्र मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स पानावरून वेगळं उतरवावं लागतं. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचं ॲप टाकून त्यात डीएनएसयुटिल्स घेतलं की डिग चालतं.

आता पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची कमांड. डब्ल्यू-एच-ओ-आय-एस टाइप करा, एक स्पेस, आणि डोमेनचं नाव. सरावाला एक्झाम्पल डॉट कॉम घ्या, ते नाव अशा उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे.

हूइज एक्झाम्पल डॉट कॉम

नाव टाकताना पुढचं एचटीटीपीएस आणि स्लॅशनंतरचं सगळं काढून टाका, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू पण नको. बुकिंग डॉट अमुकव्हिला डॉट कॉम असं लांब नाव असेल तर विचारायचं फक्त अमुकव्हिला डॉट कॉमबद्दल, कारण नोंद मुख्य नावाचीच असते.

एंटर मारलं की ओळींचा पूर येतो, सगळ्या वाचत बसू नका. क्रिएशन डेट शोधा, म्हणजे नाव कधी नोंदवलं ती तारीख. साइटवर "पंधरा वर्षांची परंपरा" लिहिलंय आणि नाव नोंदवलंय गेल्या महिन्यात, तर मी तिथे एक रुपया भरणार नाही आणि माझ्या माणसांनाही भरू देणार नाही. मग रजिस्ट्रारची ओळ, म्हणजे नाव कुठल्या कंपनीकडून घेतलं ते. मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं दिसेल, युरोपात २०१८ मध्ये प्रायव्हसीचा कायदा लागू झाल्यापासून जगभर तसंच चाललंय, त्यामुळे नाव झाकलंय म्हणजे माणूस लबाड असं अजिबात समजू नका. पण राज्य आणि देश पुष्कळदा दिसतात आणि "आम्ही मूळचे मांद्र्याचे" म्हणणाऱ्याचा देश भलताच निघाला तर फोन करून चार प्रश्न विचारायला हरकत नाही. उलटी बाजू पण सांगते, जुनी तारीख म्हणजे प्रामाणिकपणाची हमी नव्हे, जुनी नावं विकत मिळतात.

डॉट इन नावांची नोंदवही निक्सी नावाची आपल्याकडची संस्था सांभाळते, तिथेही हीच कमांड चालते. डॉट कॉमसारख्या नावांसाठी २०२५ पासून आरडॅप ही नवी पद्धत अधिकृत झालीय, म्हणून कधी हूइज मुकं राहिलं तर आयकॅनच्या (जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेच्या) लुकअप पानावर तेच नाव टाकून बघा.

दुसरं शस्त्र डिग, डी-आय-जी. हूइज सांगतं नाव कधीचं आणि कुणाकडून घेतलेलं, डिग सांगतं ते नाव सध्या कुठे बोट दाखवतंय.

डिग एक्झाम्पल डॉट कॉम

उत्तरात आन्सर सेक्शन बघा, तिथे आयपी पत्ता (साइट ज्या मशीनवर आहे त्याचा आकड्यांतला पत्ता) असतो आणि त्याच्या आधी एक आकडा, तो सेकंदांत असतो, म्हणजे उत्तर देणारा सर्व्हर हे उत्तर अजून किती वेळ लक्षात ठेवेल. वर स्टेटसमध्ये नोएरर असेल तर ठीक, एनएक्सडोमेन आलं तर असं नावच अस्तित्वात नाही. नुसता पत्ता हवा असेल तर शेवटी स्पेस देऊन अधिकचं चिन्ह आणि त्याला चिकटून शॉर्ट लिहा.

सरकारी साइटच्या नकला ओळखायला मला डिगमधला ट्रेस सगळ्यात आवडतो, नावाचा पत्ता कुणाकुणाला विचारत शोधला ते तो टप्प्याटप्प्याने दाखवतो.

डिग +ट्रेस गोवा डॉट गव्ह डॉट इन

१९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिसने ही नावांची व्यवस्था मांडली, त्याआधी सगळ्या कॉम्प्युटरांची नावं एकाच फाइलमध्ये असायची आणि ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची. आता काम वाटून दिलेलं आहे आणि ट्रेसमध्ये ते डोळ्यांनी दिसतं, आधी रूट सर्व्हर, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवरचे, ए ते एम अशी १३ नावं, मग डॉट इनवाले, मग त्याखालचे. म्हणजे नाव उजवीकडून डावीकडे वाचलं जातं! गव्ह डॉट इनच्या आत फक्त सरकारी खात्यांनाच जागा मिळते, पण गोवा-डॅश-गव्ह असं काहीतरी करून पुढे डॉट कॉम लावलेलं नाव कुणीही विकत घेऊ शकतो, तेव्हा शेवटचे दोन तुकडे आधी बघायची सवय लावा.

आता होमस्टेवाल्यांसाठी, पेडण्यापासून काणकोणपर्यंत ज्यांची स्वतःची साइट आहे त्यांनी हे आजच करा. स्वतःच्या नावाचं हूइज काढा आणि एक्सपायरी डेट कॅलेंडरमध्ये टाका. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रार काही दिवस सवलत देतो, ती जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंत असू शकते, नंतर ३० दिवस नाव परत मिळतं पण जादा पैसे मोजून, आणि त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणालाही घेता येतं, ऐन सीझनमध्ये असं झालं तर वर्षानुवर्षं जोडलेली गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या दारात जातील. साइट करून देणाऱ्या पोराने नाव स्वतःच्या खात्यात घेतलं असेल तर गोडीगुलाबीत लॉगिन मागून घ्या, ते तुमचंच आहे.

बुकिंगची मेल येत नसेल तर डिगमध्ये नाव लिहून पुढे स्पेस देऊन एमएक्स लावा, टपाल कुठे जातंय ते दिसेल. विंडोजवर तेच असं:

एनएसलुकअप -टाइप=एमएक्स तुमचंनाव डॉट कॉम

होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, बदललं आणि काहींना जुनी साइट दिसते तर तोच प्रश्न दुसऱ्या सर्व्हरला विचारा, डिगमध्ये नावाआधी ॲट चिन्ह आणि ८.८.८.८ लिहून गूगलला, मग १.१.१.१ लिहून क्लाउडफ्लेअरला. दोघांची उत्तरं वेगळी आली तर वर सांगितलेला सेकंदांचा आकडा संपेपर्यंत थांबायचं, होस्टिंगवाल्याशी भांडू नका. शक्य असेल तर बदलाच्या एक-दोन दिवस आधीच तो आकडा ३०० वर आणून ठेवा. आणि पावसात सत्तरीकडे नेट रांगत असतं ना, तेव्हा ब्राउझरचं पान उघडत नाही पण डिगचं उत्तर येतं, कारण हा सवाल-जवाब एवढासाच असतो, सहसा काहीशे बाइट्सचा. उत्तर आलं म्हणजे नाव शाबूत आहे, दोष पुढे कुठेतरी आहे.

आणि साइट खोटीच निघाली तर? हूइजचं उत्तर लगेच जपून ठेवा, कारण अशी नावं पटकन गायब होतात. कमांडच्या शेवटी मोठेपणाचं चिन्ह, म्हणजे उजवीकडे टोक असलेलं, आणि त्यापुढे उतारा डॉट टीएक्सटी लिहिलं की सगळं त्या नावाच्या फाइलमध्ये जाऊन बसतं. पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन करा, जितका लवकर तितकी रक्कम गोठवायची शक्यता जास्त, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार करताना ही फाइल, साइटचे स्क्रीनशॉट आणि पेमेंटची पावती सोबत जोडा. हूइजमध्ये रजिस्ट्रारचा ॲब्यूज कॉन्टॅक्ट म्हणून एक ईमेल असतो, त्यावरही कळवा, म्हणजे पुढचं कुटुंब अडकायच्या आत ती साइट बंद पडू शकते.