बालकेंद्री शिक्षणाला विज्ञानाची जोड देताना या चुका टाळा

छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि पुढे १९८५ मध्ये लीलाताई पाटील यांनी कोल्हापूर शहरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले, त्यामुळे मुलाच्या कलाने शिकवण्याचा विचार येथील पालकांना आणि शिक्षकांना परका नाही. अडचण येते ती या विचाराला विज्ञानाचा आधार सांगताना. हा आधार खरा आहे आणि जुनाही आहे. माँटेसरी शिक्षणपद्धतीच्या जनक मारिया माँटेसरी मुळात डॉक्टर होत्या. १९०७ मध्ये रोमच्या सॅन लोरेंझो वस्तीत त्यांनी ‘मुलांचे घर’ ही आपली पहिली बालशाळा उघडली, तेव्हा मुले कोणत्या साधनाकडे वळतात आणि कोणते बाजूला टाकतात हे पाहूनच त्यांनी आपली साधने ठरवली. बघायचे, नोंदवायचे आणि चुकले तर बदलायचे, एवढ्यावर विज्ञान आणि बालकेंद्री शिक्षण यांचे नाते उभे आहे. शाळेत आणि घरी ते जेथे तुटते, त्या जागा पुढे दिल्या आहेत.

मुलांना मोकळे सोडले की ती आपोआप शिकतील, असे मानणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि ती बहुधा चांगल्या शिक्षकांच्याच हातून होते. हिवाळ्यात अनेक शाळांची सहल गुऱ्हाळावर जाते. मुले काहिलीभोवती उभी राहतात, गरम गूळ खातात, काकवी चाखतात आणि परत येतात. दुसऱ्या दिवशी ‘काय शिकलात?’ असे विचारले, तर उत्तर चवीपलीकडे जात नाही. अशा वेळी शिक्षकाला वाटते की अनुभव मिळाला, आता समज मागोमाग येईलच.

ती येत नाही, याचे कारण आकलनाच्या संशोधनात सापडते. नवी माहिती हाताळताना आपली कार्यकारी स्मृती, म्हणजे विचार करताना माहिती तेवढ्यापुरती मनात धरून ठेवण्याची शक्ती, एका वेळी फार थोड्या गोष्टी पेलू शकते. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवले: विषयात नवख्या असलेल्या विद्यार्थ्याला मार्गदर्शनाशिवाय शोध घ्यायला लावले, तर त्याची सारी शक्ती चाचपडण्यात खर्च होते. त्यांच्या लेखावर पुष्कळ वाद झाला आणि शोधातून शिकवण्याची बाजू घेणाऱ्यांनी उत्तरेही दिली. मात्र त्या उत्तरांतही शिक्षकाने आधार द्यायला हवा ही गोष्ट कोणी नाकारली नाही.

उपाय सोपा आहे. सहलीला निघण्यापूर्वी मुलांच्या हाती एकच प्रश्न द्यावा. १०० किलो उसापासून साधारण १० ते १२ किलो गूळ मिळतो, मग उरलेले वजन गेले कुठे? आता मुले चिपाडाच्या ढिगाकडे बघतात, काहिलीवरून उठणाऱ्या वाफेकडे बघतात, गुळव्या काढून टाकतो त्या मळीकडे बघतात. उत्तर शोधण्याचे काम मुलांचेच राहते, फक्त नजर कुठे लावायची हे शिक्षकाने ठरवलेले असते. इतके करूनही वर्ग भरकटला, तर प्रश्न आणखी लहान करावा, उत्तर सांगण्याची घाई करू नये.

वयाचे टप्पे रेल्वेच्या वेळापत्रकासारखे वाचणे

मुलांची समज वयानुसार टप्प्याटप्प्याने वाढते असे मांडणारे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या कामाचा आधार घेऊन ‘सात वर्षांखालील मुलाला हे कळणारच नाही’ असे पालकसभेत सांगणारे अनेक जण भेटतात. पियाजे यांचे निरीक्षण खरेच होते: समोरासमोर मांडलेल्या सारख्या संख्येच्या सोंगट्यांपैकी एक ओळ लांब पसरली, की लहान मूल तिच्यात सोंगट्या जास्त आहेत असे म्हणते. परंतु जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७४ मध्ये याच प्रयोगात एक छोटा बदल केला. ओळ मोठ्या माणसाने न पसरवता एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाने जणू चुकून विस्कटली, आणि त्याबरोबर बरोबर उत्तर देणाऱ्या मुलांची संख्या खूपच वाढली. याचा अर्थ असा की मूळ प्रयोगात काही मुले संख्येबद्दल कमी आणि मोठ्या माणसाच्या मनात काय आहे याबद्दल जास्त विचार करत होती.

आपल्या वर्गात हे रोज घडते. मुलाने बरोबर उत्तर दिल्यावर बाईंनी ‘नक्की का?’ असे विचारले, की मूल लगेच उत्तर बदलते. कारण बरोबर असते तर बाईंनी पुन्हा विचारले नसते, हे ते अनुभवाने शिकलेले असते. मग त्या बदललेल्या उत्तरावरून आपण त्याची समज मोजतो. हे टाळायचे असेल, तर बरोबर आणि चूक अशा दोन्ही उत्तरांनंतर ‘तुला असे का वाटले?’ हे एकाच सुरात विचारण्याची सवय लावून घ्यावी. आठवड्याभरात मुले ओळखतात की या प्रश्नामागे सापळा नाही. मूल एखादी गोष्ट करू शकत नाही असे ठरवण्यापूर्वी तोच प्रश्न दुसऱ्या रीतीने, ओळखीच्या वस्तू घेऊन, निदान एकदा तरी विचारून पाहावा.

विज्ञानाचा शिक्का पाहून भुलणे

बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी, कल आणि पुढचे करिअर सांगणाऱ्या चाचण्या पालकांना विकल्या जातात. संगणकावर काढलेला रंगीत अहवाल हाती पडतो, म्हणून ते विज्ञान वाटते. बोटांवरील रेषा गर्भावस्थेतच तयार होतात, ही गोष्ट खरी आहे; त्यांवरून मुलाचा कल सांगता येतो, याला मात्र विश्वासार्ह पुरावा नाही. या चाचण्यांवर पैसे घालवू नयेत, असे स्पष्टच म्हणावे लागेल.

‘हा पाहून शिकणारा, तो ऐकून शिकणारा’ ही वाटणी दिसायला अधिक सभ्य आहे आणि ती प्रशिक्षण वर्गांतही शिकवली जाते. हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा मुलांची अशी वाटणी करून शिकवल्याने अधिक शिकणे होते, असे म्हणण्याजोगा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. कशाचे चित्र दाखवायचे आणि काय कानांनी ऐकवायचे, हे विषयावरून ठरते. नकाशा सर्वांनी बघायचा असतो आणि कविता सर्वांनी ऐकायची असते.

साधने विकत घेऊन थांबणे

माँटेसरी या नावावर कोणाचीही मालकी नाही, त्यामुळे ते कोणत्याही बालवाडीच्या फलकावर लिहिता येते. अँजेलिन लिलार्ड यांच्या २०१२ च्या अभ्यासात, पद्धत मूळ रूपात चालवणाऱ्या वर्गांतील मुलांची प्रगती तिच्यात इतर साहित्य मिसळणाऱ्या वर्गांपेक्षा अधिक दिसली. प्रवेश घेताना कपाटातील साधने मोजण्यापेक्षा मूल एकाच कामात किती वेळ विनाअडथळा बसू शकते, एवढे पाहावे.

परीक्षा नको म्हणून आठवणेही बंद करणे

गुणांची भीती घालवणे योग्यच आहे, परंतु तिच्याबरोबर मुलाला शिकलेले आठवायला लावणेही सुटले तर नुकसान होते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात मजकूर पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवण्याचा सराव केलेल्यांनी त्यांना मागे टाकले. ते विद्यार्थी महाविद्यालयीन होते. लहान मुलांसाठी ‘काल काय पाहिले ते वही न उघडता सांगा’ एवढा प्रकार पुरतो, आणि त्याला गुण देऊ नयेत.

उपक्रम झाला, प्रश्न राहिला

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालून केलेला ज्वालामुखी सर्वांना आवडतो, परंतु निकाल आधीच ठाऊक असतो. त्याऐवजी पावसाळ्यात वृत्तपत्रात रोज येणारी कोल्हापूरच्या पंचगंगा नदीची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी मुलांनी आलेखावर मांडावी, ३९ फुटांवर इशारा पातळीची आणि ४३ फुटांवर धोका पातळीची रेघ ओढावी. एखाद्या दिवशी शहरात ऊन पडूनही रेषा वर चढलेली दिसेल आणि कोणीतरी विचारेल की पाऊस नसताना पाणी वाढले कसे. त्या क्षणी वरच्या अंगाला असलेल्या राधानगरी धरणाचे नाव शिक्षकाने स्वतः घेऊ नये. जिल्ह्याचा नकाशा टेबलावर पसरावा, भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी या नद्यांवरून बोट उलट दिशेने घाटापर्यंत नेण्यास सांगावे, आणि तेथे किती पाऊस पडला ते त्याच वृत्तपत्रात शोधण्यास मुलांना पाठवावे.