सर्वसाधारण सभेआधी नोंदवही उघडा

सभेची नोटीस किमान 21 पूर्ण दिवस आधी, लेखापरीक्षित ताळेबंद, सभागृह, चहापाणी ही कामे कंपनी सचिवांना तोंडपाठ असतात. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीला वर्षानुवर्षे टिकणारे भागधारक हवे आहेत, तिने सर्वांत आधी भागधारकांची नोंदवही तपासावी. गेल्या सभेआधी नेमकी हीच तपासणी राहिली. मुंबईच्या गुंतवणूकदारांसाठीचे सादरीकरण मात्र पुन्हा पुन्हा सजवले गेले.

अजूनही शेअरची कागदी प्रमाणपत्रे बाळगणारे लोक बहुधा आपले सर्वांत जुने भागधारक असतात. त्यांचा पॅन, पत्ता, बँक खाते किंवा सहीचा नमुना नोंदलेला नसेल, तर शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या नियमानुसार 1 एप्रिल 2024 पासून त्यांचा लाभांश अडकून राहतो. सलग 7 वर्षे तो घेतला गेला नाही, तर शेअरसुद्धा गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात आणि ते परत मिळवताना वारस मेटाकुटीस येतात. असे वारस हाती आलेले शेअर ठेवतील, अशी आशा कशाला करावी? म्हणून नोंदवही वाचा, मराठीत पत्र पाठवा, उत्तर न आल्यास घरी माणूस पाठवा. कंपनीच्या वतीने नोंदवही सांभाळणाऱ्या रजिस्ट्रार संस्थेकडे यादी सोपवून मोकळे होऊ नका.

त्यानंतर लाभांशाचे धोरण. ते लिहून जाहीर करण्याची सक्ती बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 कंपन्यांनाच आहे. तरीही लहान कंपनीने ते लिहावे, आणि चांगल्या वर्षातच लिहावे. ट्रॅक्टर-ट्रकची मागणी बसली की फौंड्रीचा, म्हणजे ओतकाम कारखान्याचा, नफा कसा घटतो आणि त्या वर्षी लाभांशाचे काय होईल, हे आधी कळलेला भागधारक मंदीत घाबरून विकत नाही. फ्रान्सची एअर लिक्विड कंपनी स्वतःच्या नोंदवहीत दोन पूर्ण वर्षांहून अधिक काळ असलेल्यांना 10 टक्के जादा लाभांश देते. आपल्याकडे एकाच वर्गाच्या शेअरवर जुना-नवा असा भेद करता येत नाही, त्यामुळे तो मोह सोडावा.

पुढच्या तिमाहीचे आकडे आधीच कबूल करू नयेत. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, आपले शेअर कर्जासाठी तारण ठेवले असतील तर ते सभेत आपणहून सांगावे. प्रश्नांना अध्यक्षांनी स्वतः उत्तरे द्यावीत. टपालातून परत आलेली पाकिटे मात्र रद्दीत टाकू नयेत. त्यांवरची नावे त्याच आठवड्यात नोंदवहीशी ताडून पाहावीत.