नागपुरात बसून पुरुषांची कर्लिंग वर्ल्ड चॅम्पियनशिप कशी पाहायची

दरवर्षी मार्च संपता संपता, म्हणजे आपल्याकडे कूलरच्या ताट्या बदलायची घाई असते तेव्हा, तिकडे पुरुषांची कर्लिंग वर्ल्ड चॅम्पियनशिप असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं का बाबा हे लोक बर्फावर झाडू काऊन मारून राहिले, अन् पाच मिनिटात बंद करून टाकतो. नका करू, फक्त हॅमर, म्हणजे शेवटचा दगड टाकायची पाळी, कोणाकडे आहे तेवढं धरून बसा.

आधी टाइमचं पाहून घ्या. 2025 ला कॅनडात मूस जॉला होती, तिथले संध्याकाळचे 7 म्हणजे नागपुरात दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा, तर्री पोहे आणून मस्त पाहता येते. तिथले दुपारचे 2 म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड, सकाळी ड्युटी असेल तर ती मॅच सोडाच. युरोपात असली की टेन्शन नाही, 2024 ला स्वित्झर्लंडच्या शाफहाउजनला होती तेव्हा साडेतीन तासांचाच फरक होता.

आता खेळ. ग्रॅनाइटचा दगड, वजन 17 ते 20 किलो, तो बर्फावरून समोर आखलेल्या गोलाकडे सरकवायचा. टीममध्ये चौघं, प्रत्येकाचे दोन दगड, दोन्हीकडचे मिळून 16 टाकून झाले की एक एन्ड, असे 10 एन्ड. पॉइंट एन्डला एकाच टीमला मिळतात, गोलात मधोमध सगळ्यात जवळ ज्यांचा दगड त्यांना, अन् समोरच्यांच्या सगळ्यात जवळच्या दगडाच्याही आत यांचे जितके दगड तितके पॉइंट. कॅरमवाल्यांनी इथे डोकं उलटं फिरवायचं, कारण घालवलेल्याचे नाही, उरलेल्याचे मार्क आहेत.

हॅमर म्हणजे एन्डचा शेवटचा दगड. पॉइंट घेतला की पुढच्या एन्डला हॅमर समोरच्यांकडे जातो, कोणालाच पॉइंट नाही तर आहे तिथेच राहतो. म्हणून हॅमर असताना एकच पॉइंट मिळणं म्हणजे फसल्यासारखंच, दोन तरी पाहिजेत. त्यामुळे कधी कधी खेळाडू शेवटचा दगड मुद्दाम पार मागे घालवतो, शून्य घेतो अन् हॅमर ठेवून घेतो. आपल्याला वाटतं चुकला! अन् हॅमर नसताना पॉइंट काढला, तर त्याला स्टील म्हणतात, मॅच तिथेच फिरते.

झाडूचं सांगायचं तर घासल्याने बर्फ जरासा गरम होतो, दगड लांब जातो अन् कमी वळतो. स्किप, म्हणजे टीमचा कॅप्टन, पलीकडून ओरडत असतो ते त्याचसाठी, आणि खेळाडूंना माइक लावले असले तर त्यांची आपसातली चर्चाही ऐकू येते, मला तर कॉमेंट्रीपेक्षा तीच आवडते, कारण कोणता शॉट काऊन घेऊन राहिले ते तिथेच कळतं. शेवटचा दगड स्किपच टाकतो असं मात्र समजू नका, स्विसवाल्यांचा स्किप यानिक श्वालर तिसऱ्या नंबरवर टाकतो अन् शेवटचे दोन बेन्वा श्वार्त्स.

टीम कोणती धरायची? सगळ्यात जास्त टायटल कॅनडाची, पण स्वीडनच्या निक्लास एदीनने 2013 ते 2024 मध्ये सात जिंकली, अन् 2023 आणि 2025 ला स्कॉटलंडचा ब्रूस मोएट. मी स्कॉटलंडवाला.

लीगमध्ये 13 टीम असतात, सगळ्या पाहायच्या भानगडीत पडू नका. वर फक्त सहा जातात, पहिल्या दोन डायरेक्ट सेमीला, म्हणून लीगच्या शेवटच्या दोन दिवसात सहाव्या जागेसाठी भांडणाऱ्या टीमची मॅच शोधा, अन् वेळ कमीच असेल तर आठव्या एन्डपासून लावा.