पोटॅशियम ७.१ आणि पेशंट कट्ट्यावर चहा पितोय: या चुका टाळा

डिसेंबरातली गोष्ट. केज तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं रक्त संध्याकाळी घेतलं, नळी बर्फाच्या डब्यात ठेवली आणि सकाळच्या एसटीनं लातूरला धाडली. रिपोर्ट आला: पोटॅशियम ७.१. असायला हवं ३.५ ते ५. घरात रडारड, डायलिसिसची बोलणी. ईसीजी काढला तर साफ, किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिनही नॉर्मल. नळी बर्फात ठेवणारा मीच होतो.

सॅम्पल गार म्हणजे सुरक्षित, ही पहिली चूक. तांबड्या पेशीच्या आवरणातला पंप पोटॅशियम आत आणि सोडियम बाहेर ठेवतो. गारठ्यात तो मंदावतो. कुणाचंही रक्त मग थोडंफार पाझरतंच, पण आवरण जन्मतःच गळकं असेल तर आकडा झपाट्यानं चढतो. सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, गुलाबी असतं तर पेशी फुटल्या म्हणालो असतो. हे नेहमीसारखं पिवळंच होतं. पेशी शाबूत, फक्त क्षार बाहेर.

म्हणून दुसऱ्यांदा हिरव्या बुचाच्या हेपारिन नळीत घेतलं, कारण त्यात गोठायची वाट पाहावी लागत नाही. मूठ आवळायला लावली नाही, लगेच सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवून पेशी वेगळ्या केल्या. आकडा ४.६. ७.१ सारखा आकडा दिसला की ईसीजी मात्र आधी काढाच, खरं वाढलेलं पोटॅशियम जीव घेतं. पण खोट्या आकड्यावर पोटॅशियम उतरवायची औषधं दिली, तर खरं पोटॅशियम धोकादायक खाली जाईल.

या माणसाचे डोळे लहानपणापासून पिवळसर. गावात काविळीचा पाला, दवाखान्यात 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या. संशय आला तो जन्मजात गळक्या आवरणाच्या आजाराचा. त्याच्या पेशी सुकणाऱ्या प्रकारात, म्हणजे झेरोसायटोसिसमध्ये, रक्त एकदाही न चढवता शरीरात लोह साचतं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, न बघता गोळी देऊ नका. हा आजार असलेल्या शुगरवाल्यांनी एचबीएवनसीवरही, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या चाचणीवरही, विसंबू नये. पेशी लवकर मरतात, आकडा खोटा कमी येतो.

सगळ्यात महागात पडते ती पांथरी (प्लीहा) काढण्याची घाई. गोल पेशींच्या स्फेरोसायटोसिसमध्ये ते ऑपरेशन फायद्याचं, झेरोसायटोसिसमध्ये मात्र नंतर शिरांत गुठळ्या होऊ शकतात. मिठाच्या पातळ पाण्यात गोल पेशी लवकर फुटतात, सुकलेल्या उलट तग धरतात. एवढी साधी चाचणी आधी करा, मग पीझो१ या जनुकाची. ज्या चॅनेलच्या, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या क्षारांच्या दाराच्या, शोधाला २०२१ चं नोबेल मिळालं, तो याच जनुकातून बनतो.

आजार पिढीजात, म्हणून भावालाही बोलावलं. त्याचं रक्त घेतलं तेव्हा बर्फाचा डबा टेबलाखालीच राहू दिला.